रंगसाम्य आणि बीजसाम्य : रंगद्रव्यांच्या आनुवंशिकीचा एक ऐतिहासिक विचार

१. प्रास्ताविक

आनुवंशिकीच्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट सहज लक्षात येते. ह्या शास्त्रातील मूलभूत कल्पनांपैकी पुष्कळशा कल्पना प्रथम कोणत्या ना कोणत्या सजीवाच्या रंगाचा अभ्यास करताना हाती आल्या. वाटाण्याची फुले, उंदराचे केस, फळमाशीचे डोळे व मक्याचे दाणे ह्यांनी ह्या शास्त्राला जेवढे शिकविले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या लक्षणाने शिकविले असेल. ह्याची कारणेही स्पष्ट आहेत. रंग उपकरणावाचून दिसतो, म्हणून हजारो संततींची गणना करता येते. रंगद्रव्य नाहीसे झाले तरी जीव बहुधा जगतो, म्हणून दोष असलेले वंश टिकवून त्यांचे संकर करता येतात. शिवाय रंगद्रव्य हे रासायनिक क्रियांच्या एका साखळीच्या शेवटी तयार होणारे द्रव्य असल्यामुळे साखळीतील कोणताही दुवा तुटला, की त्याची वार्ता डोळ्यांना तत्काळ कळते.

परंतु ह्या सुलभतेतच एक धोका आहे. दोन जीवांचा रंग सारखा दिसला म्हणजे त्यांचे बीजही सारखे असावे, असे अनुमान मन सहज करून टाकते. प्रस्तुत लेखात पहिल्या गोष्टीला रंगसाम्य व दुसरीला बीजसाम्य अशी नावे दिली आहेत. बीज म्हणजे येथे जनुकांची घडण, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. रंगसाम्यावरून बीजसाम्य ठरत नाही आणि बीजसाम्य असले तरी रंगसाम्य असेलच असे नाही, हे रंगद्रव्यांच्या आनुवंशिकीने गेल्या सव्वाशे वर्षांत पुनःपुन्हा सिद्ध केले आहे. ह्या सिद्धतेचा इतिहास सांगावा आणि माणसाच्या त्वचेचा प्रश्न आला तेव्हा ती विसरली गेल्याने काय घडले हे दाखवावे, असा येथे हेतू आहे. आपल्या भाषेत 'वर्ण' ह्या शब्दाला रंग व सामाजिक विभाग असे दोन्ही अर्थ चिकटलेले असल्यामुळे विवेचनात शक्य तेथे 'रंग' हाच शब्द योजिला आहे.

२. मेंडेलचा वाटाणा व मेंडेलचा घेवडा

ग्रेगोर मेंडेलने आपले संशोधन इ. स. १८६५ मध्ये ब्र्युन येथील निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले व ते १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने निवडलेल्या सात लक्षणांपैकी तीन रंगाशी निगडित होती : बीजदलांचा रंग, शेंगेचा रंग आणि फुलाचा व बीजावरणाचा रंग. दुसऱ्या पिढीत पिवळे दाणे ६०२२ व हिरवे २००१ मिळाले. जांभळट फुलांची झाडे ७०५ व पांढऱ्या फुलांची २२४ मिळाली. हे ३ : १ चे प्रमाण प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. त्यामानाने कमी सांगितली जाते ती त्याच निबंधातील घेवड्याची हकीकत. पांढऱ्या फुलांच्या व जांभळट फुलांच्या दोन घेवड्यांच्या संकरापासून मेंडेलला दुसऱ्या पिढीत फिक्यापासून गडदापर्यंत अनेक छटांची फुले मिळाली आणि ३१ झाडांपैकी केवळ एकाची फुले पांढरी निघाली. ३ : १ चे प्रमाण येथे उघडच बसत नव्हते. ह्यावर मेंडेलने सुचविलेला तोडगा असा, की फुलाचा रंग हा एक गुण नसून दोन वा अधिक स्वतंत्र गुणांचा समुच्चय असावा. म्हणजे एका दिसणाऱ्या रंगामागे अनेक घटक असू शकतात, ही कल्पना ह्या शास्त्राच्या पहिल्या निबंधातच बीजरूपाने आलेली आहे.

वाटाण्यापुरतेही हे खरे ठरले. मेंडेलच्या फुलांचा रंग ठरविणारे जनुक २०१० मध्ये ओळखण्यात आले. ते रंगद्रव्य बनविणारे एंझाइम निर्माण करीत नाही. ती एंझाइमे निर्माण करणारी जनुके चालू करणारे प्रथिन ते निर्माण करते. ह्या कामी त्याला दुसऱ्या एका जनुकाच्या प्रथिनाची जोड लागते आणि ते दुसरे जनुक निकामी झाले तरीही वाटाण्याचे फूल पांढरेच उमलते.

३. दोन पांढरी फुले व त्यांची जांभळी संतती

मेंडेलच्या कार्याचा १९०० मध्ये पुनःशोध लागल्यावर केंब्रिज येथे विल्यम बेटसन, एडिथ साँडर्स व रेजिनाल्ड पनेट ह्यांनी स्वीट पी ह्या वेलीवर प्रयोग आरंभिले. दोन शुद्ध वाणांचा, ज्यांची फुले पांढरीच येत अशांचा, त्यांनी संकर केला. तेव्हा पहिल्या पिढीतील सर्व फुले जांभळी आली. दुसऱ्या पिढीत रंगीत व पांढऱ्या फुलांचे प्रमाण ९ : ७ असे भरले.

जुन्या पशुपालकांच्या व माळ्यांच्या भाषेत ह्याला पूर्वजाकडे परत जाणे म्हणत व तेथेच विचार थांबे. बेटसन व त्याचे सहकारी ह्यांनी त्याचा उलगडा निराळा केला. रंग निर्माण होण्यास दोन भिन्न घटकांची आवश्यकता आहे. एका पांढऱ्या वाणात त्यांपैकी एक नाही, दुसऱ्यात दुसरा नाही. संकरात दोन्ही एकत्र येताच रंग प्रकट होतो. दुसऱ्या पिढीत सोळांपैकी नऊंना दोन्ही घटक मिळतात आणि उरलेल्या सातांत एक ना एक, किंवा दोन्हीही, नसतात. दोन पांढरी फुले शेजारी ठेवली असता कोणताही तज्ज्ञ त्यांत भेद दाखवू शकला नसता. तो भेद केवळ संकराने उघडकीस आला. एका उणिवेची भरपाई दुसऱ्याकडून होते की नाही, हे पाहण्याची ही कसोटी पुढे सर्व आनुवंशिकीत पूरकता-कसोटी म्हणून रूढ झाली. आजही दोन सारख्या दिसणाऱ्या उत्परिवर्तनांत एकच जनुक बिघडले आहे की दोन निराळी जनुके, हे ठरविण्याचा तोच पहिला मार्ग आहे.

४. उंदीर, मूत्र आणि फुलांचे रसायन

त्याच सुमारास फ्रान्समधील नॅन्सी येथे ल्युसिअँ क्युएनो उंदरांच्या रंगाचा अभ्यास करीत होता. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे त्याने १९०२ मध्ये दाखविले. त्याहूनही मार्मिक असा त्याचा निष्कर्ष पांढऱ्या उंदरांविषयी होता. पांढरा उंदीर रंगाच्या दृष्टीने रिता नसतो. करडा, काळा वा पिवळा रंग ठरविणारे घटक त्याच्या ठिकाणी सुप्त असतात, पण रंगद्रव्यच बनत नसल्यामुळे ते दिसत नाहीत. म्हणजे एकाच पिंजऱ्यातील दोन पांढऱ्या उंदरांची बीजे भिन्न असू शकतात. रंगद्रव्य तयार होण्यास एक मूळ द्रव्य व त्यावर क्रिया करणारी किण्वके लागत असावीत, असाही तर्क क्युएनोने केला होता. १९०५ मध्ये त्याने नोंदविले, की पिवळ्या उंदरांचा शुद्ध वंश काही केल्या मिळत नाही. १९१० मध्ये अमेरिकेत विल्यम कासल व क्लॅरेन्स लिट्ल ह्यांनी दाखविले, की पिवळ्या नर-मादीपासून पिवळे व इतर पिल्ले २ : १ ह्या प्रमाणात होतात, ज्यांना पिवळेपणाचे घटक दोन्हीकडून मिळतात ते गर्भ जन्मापूर्वीच नष्ट होतात. मारक जनुकाचे हे आरंभीचे व अभिजात उदाहरण होय. नव्वद वर्षांच्या आत त्याचे कारणही समजले : पिवळा रंग निर्माण करणाऱ्या उत्परिवर्तनात गुणसूत्राचा एक तुकडा गळून पडतो व त्याबरोबर शेजारची अत्यावश्यक सामग्रीही जाते.

लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरड हा वैद्य एका दुर्मिळ विकाराचा विचार करीत होता. ह्या विकारात मूत्र हवेत राहिल्यावर काळे पडते. बाधित मुलांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांचे सख्खे चुलत, मावस वा आते-मामेभावंडे असतात, हे त्याच्या ध्यानात आले. बेटसनच्या साहाय्याने त्याने १९०२ मध्ये ह्या विकाराचा संबंध मेंडेलच्या अप्रभावी गुणाशी जोडला. १९०८ मधील व्याख्यानांत व १९०९ मधील ग्रंथात त्याने अशा चार जन्मजात चयापचय-दोषांचे विवेचन केले. त्यांत वर्णहीनता, म्हणजे जन्मतःच मेलानिन नसणे किंवा अत्यल्प असणे, हाही एक दोष होता. एखादे किण्वक नसल्यामुळे मेलानिन तयार होत नसावे, हे त्याचे अनुमान काळाच्या फार पुढे होते. आपल्याकडे वर्णहीनता व कोड ह्यांची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून येथेच सांगितले पाहिजे, की कोड हा जन्मानंतर उद्भवणारा व रंगपेशी नष्ट झाल्यामुळे होणारा निराळा विकार आहे. कारणांचा विचार न करता केवळ रंगावरून नाव दिले, की अशी गल्लत होतेच.

बेटसनच्या सहकारी म्युरिएल व्हेल्डेल ह्यांनी स्नॅपड्रॅगनच्या फुलांवर दोन्ही बाजूंनी काम केले : संकराने घटक शोधावयाचे व प्रयोगशाळेत रंगद्रव्य वेगळे करावयाचे. त्यांचा अँथोसायानिनांवरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान जर्मनीत रिखार्ड व्हिलश्टेटरने निळ्या कॉर्नफ्लॉवरमधील व लाल गुलाबातील रंगद्रव्य एकच असल्याचे दाखवून रसायनज्ञांना चकित केले होते. एकच द्रव्य परिस्थितीनुसार निळे वा लाल दिसते. कॉर्नफ्लॉवरचा निळेपणा हा रंगद्रव्याशी लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम ह्यांचे अणू जोडले जाऊन बनणाऱ्या संयुगामुळे असतो, हे २००५ मध्ये त्याची रचना उलगडल्यावर निश्चित झाले. अशा रीतीने रंगसाम्याप्रमाणेच रंगभेदावरही फार विसंबता येत नाही, हे रसायनानेही पटवून दिले.

५. हाल्डेनचे उंदीर व वर्णहीन दांपत्य

जे. बी. एस. हाल्डेन, त्यांची बहीण नेओमी व मित्र ए. डी. स्प्रंट ह्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असता, प्रसिद्ध झाला. स्प्रंट त्याच युद्धात मारला गेला. संपूर्ण पांढरा रंग आणि गुलाबी डोळ्यांसह फिका रंग ही दोन लक्षणे एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्रपणे संक्रमित होत नाहीत, असे त्यांना आढळले. सस्तन प्राण्यांतील जनुकांच्या सहलग्नतेचा हा पहिला पुरावा होय. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले व १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निवर्तले.

ही दोन जनुके निवडताना त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते, की माणसातील वर्णहीनतेचे दोन प्रमुख प्रकार ह्याच दोन जनुकांच्या दोषांमुळे होतात. पहिले जनुक टायरोसिनेज ह्या एंझाइमाचे. टायरोसिन ह्या ॲमिनो अम्लापासून मेलानिनाकडे जाणाऱ्या वाटेवरील पहिले पाऊल हे एंझाइम घडवून आणते. दुसरे जनुक रंगपेशीतील मेलानिन तयार होणाऱ्या सूक्ष्म कोशाच्या आवरणातील एका प्रथिनाचे. हे प्रथिन नसले, की कोशातील आम्लता टायरोसिनेजला प्रतिकूल होते. कामगार हजर, पण कारखाना बंद, अशी स्थिती होते. १९६० नंतर कार्ल विटकॉप व इतरांनी एक साधी चाचणी रूढ केली. वर्णहीन व्यक्तीचा मुळासकट उपटलेला केस टायरोसिनच्या द्रावणात ठेवला असता काहींच्या केसाच्या मुळाशी रंग धरतो, काहींच्या धरत नाही. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या व्यक्तींत दोन भिन्न दोष आहेत, हे त्या एका केसाने सांगितले.

त्याहून बोलका पुरावा त्यापूर्वीच, १९५२ मध्ये, इंग्लंडमध्ये पॅट्रिक ट्रेव्हर-रोपर ह्या नेत्रतज्ज्ञाने नोंदविला होता. पती व पत्नी दोघेही वर्णहीन असलेल्या एका दांपत्याची मुले नेहमीच्या रंगाची होती. स्वीट पीच्या दोन पांढऱ्या वाणांच्या संकराची माणसातील ही पुनरावृत्तीच म्हणावयास हवी. वर्णहीन व्यक्तींची दृष्टी अधू असते, प्रकाश त्यांना सोसत नाही व उन्हामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका त्यांना अधिक असतो. म्हणून अशा दोन व्यक्तींच्या विवाहात संततीविषयीचा प्रश्न अगदी वास्तव असतो. त्याचे उत्तर त्यांच्याकडे पाहून देता येत नाही; दोघांत कोणते जनुक दोषयुक्त आहे हे तपासूनच देता येते.

ह्याची दुसरी बाजूही नमूद करणे न्याय्य ठरेल. १९९० मध्ये प्रयोगशाळांतील बहुतेक प्रमाणित पांढऱ्या उंदरांच्या वंशांत टायरोसिनेज जनुकातील नेमका एकच बदल आढळला. येथे रंगसाम्य व बीजसाम्य एकत्र आले आहेत, कारण हे वंश एकाच मूळ साठ्यातून आलेले आहेत. रंगसाम्य व बीजसाम्य कधीच एकत्र येत नाहीत, असे कोणी म्हणत नाही. परंतु ते आले आहेत की नाही, हे प्रत्येक प्रसंगी तपासून पाहावे लागते.

६. फळमाशीचे डोळे

फळमाशीच्या डोळ्यांच्या रंगाचे महत्त्व टॉमस मॉर्गनला १९१० मध्ये सापडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरापासून सर्वश्रुत आहे. त्यातूनच विशिष्ट जनुक विशिष्ट गुणसूत्रावर असते हे सिद्ध झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे प्रयोग १९३५ च्या सुमारास जॉर्ज बीडल व बोरिस एफ्रुसी ह्यांनी पॅरिसमध्ये केले. व्हर्मिलियन व सिनाबार ह्या दोन उत्परिवर्तनांमुळे माशीचे डोळे नेहमीच्या तांबूस-तपकिरी रंगाऐवजी भडक लाल होतात आणि दोहोंचा लाल रंग सारखाच दिसतो. ह्या दोघांनी एका अळीतील भावी डोळ्याची चकती काढून दुसऱ्या अळीच्या शरीरात बसविली. व्हर्मिलियनची चकती सिनाबार अळीत वाढविली, तर डोळा नेहमीच्या रंगाचा झाला. सिनाबारची चकती व्हर्मिलियन अळीत वाढविली, तर मात्र लालच राहिली.

ह्या विषम निकालाचा अर्थ त्यांनी असा लावला : तपकिरी रंगद्रव्य दोन टप्प्यांनी बनते. व्हर्मिलियनमध्ये पहिला टप्पा अडलेला आहे, सिनाबारमध्ये दुसरा. सिनाबार अळीच्या शरीरात पहिल्या टप्प्याचे द्रव्य साठलेले असते, म्हणून ती व्हर्मिलियन चकतीची उणीव भागवू शकते; उलट दिशेने हे घडत नाही. पहिल्या टप्प्याचे द्रव्य किन्युरेनिन आहे, हे १९४० मध्ये जर्मनीत आडोल्फ बुटेनांट व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. डोळ्यांच्या रंगद्रव्याचे रसायन शोधण्याचे काम फार संथ असल्यामुळे बीडलने एडवर्ड टेटमसह बुरशीकडे मोर्चा वळविला व १९४१ मध्ये एक जनुक – एक एंझाइम ह्या सिद्धांताचा पाया घातला. १९५८ च्या नोबेल पारितोषिकाच्या वेळी बीडलने गॅरडचे ऋण आवर्जून मान्य केले.

७. बीज एक, रंग अनेक

आतापर्यंतची उदाहरणे सारख्या रंगामागील भिन्न बीजांची होती. उलट प्रकारही तितकाच बोधप्रद आहे. कार्ल कोरेन्सने १९०९ मध्ये हिरव्या-पांढऱ्या पानांच्या गुलबक्षीत दाखविले, की संततीच्या पानांचा रंग ज्या फांदीवरील फुलापासून बी धरले त्या फांदीच्या रंगावर अवलंबून असतो. परागकण कोणाचे होते ह्याला महत्त्व नसते. एकाच झाडाच्या तीन फांद्या तीन प्रकारची संतती देतात. पेशीच्या केंद्राबाहेरही, हरितकणांत, आनुवंशिक द्रव्य आहे, हे ह्या निरीक्षणामागील कारण पुढे उलगडले.

मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांचा अभ्यास करताना बार्बरा मॅक्लिंटॉक ह्यांना आढळले, की काही घटक गुणसूत्रावरील आपली जागा सोडून दुसरीकडे जातात. असा घटक रंगाच्या जनुकात शिरला, की रंग थांबतो. दाणा वाढत असता तो निघून गेला, की त्या पेशीच्या वंशजांत रंग परततो व ठिपका उमटतो. हे विवेचन त्यांनी १९५० मध्ये मांडले. त्याचा यथोचित गौरव १९८३ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. मेरी लायन ह्यांनी १९६१ मध्ये मादी उंदरांच्या केसांवरील चट्ट्यांवरून असे प्रतिपादन केले, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय होते. काळ्या-नारिंगी मांजरीचे चट्टे ह्याच कारणाने पडतात. त्यांतील नारिंगी रंगाचे जनुक मात्र २०२५ मध्येच निश्चित झाले. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत अशा तिरंगी मांजरीच्या पेशीपासून प्रतिकृती म्हणून जन्मलेल्या मांजरीत नारिंगी रंग मुळीच नव्हता. बीज तेच, पण रंग निराळा. १९९० मध्ये पेटुनियाची फुले अधिक जांभळी करण्यासाठी रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत घातली असता काही फुले पांढरी झाली. जनुकांना गप्प करणाऱ्या यंत्रणेचा तो एक आरंभीचा सुगावा होता. ह्या यंत्रणेतील आरएनएचे कार्य १९९८ मध्ये उलगडले व त्यास २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

८. माणसाची त्वचा

इतके स्पष्ट धडे मिळत असता माणसाच्या त्वचेच्या रंगाचा अभ्यास मात्र आरंभी निराळ्या वाटेने गेला. चार्ल्स डॅव्हनपोर्ट ह्याने १९१३ मध्ये बर्म्युडा, जमेका व लुइझिआना येथील मिश्र कुटुंबांच्या त्वचेच्या रंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. काळ्या, पांढऱ्या, तांबड्या व पिवळ्या पट्ट्यांची फिरती भिंगरी त्वचेशेजारी धरून तो रंग मोजी. त्याचा निष्कर्ष, त्वचेच्या रंगाला घटकांच्या दोन जोड्या कारण आहेत, हा होता. एवढ्यापुरते हे काम त्या काळच्या विज्ञानात बसणारे होते. हेर्मान निल्सन-एलेने १९०९ मध्ये गव्हाच्या दाण्याच्या तांबड्या रंगामागे तीन घटक असू शकतात, हे दाखविलेच होते. परंतु डॅव्हनपोर्टचा खरा प्रश्न रंग कसा बनतो हा नव्हता. माणसांचे प्रकार कसे पाडावेत, हा होता. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९१० मध्ये त्याने स्थापिलेल्या सुप्रजनन-नोंदणी कार्यालयाने १९२४ च्या अमेरिकन स्थलांतर-निर्बंध कायद्याच्या समर्थकांना शास्त्राचा आधार पुरविला. १९२९ मध्ये त्याने मॉरिस स्टेगर्डासह जमेकातील मिश्र संततीविषयी मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून, मिश्रणाने शारीरिक विसंगती उद्भवते, असे प्रतिपादिले. येथे रंग हा त्वचेतील एका द्रव्याचा गुण न राहता संपूर्ण माणसाची खूण बनला.

ह्यावर पुढच्याच वर्षी टीका केली ती उंदरांच्या रंगावर आयुष्य घालविलेल्या कासलने. डॅव्हनपोर्टच्याच आकड्यांतील फरक किती क्षुल्लक आहेत, हे त्याने दाखविले. युनेस्कोने १९५१ मध्ये वंशविषयक निवेदन तयार करविले, तेव्हा त्याच्या मांडणीची जबाबदारी कासलचा शिष्य व उंदरांच्या रंगाचा अभ्यासक एल. सी. डन ह्याच्यावर होती आणि हाल्डेनही त्या मंडळात होते. ज्यांनी दोन पांढऱ्या उंदरांतील भेद स्वतः संकर करून पाहिला होता, त्यांना रंगावरून माणसाची परीक्षा करणे सहजासहजी पटणारे नव्हते. कोल्ड स्प्रिंग हार्बरचे ते कार्यालय १९३९ मध्ये बंद झाले. थोड्याच वर्षांत त्याच गावी मॅक्लिंटॉक मक्याच्या ठिपक्यांचा अभ्यास करू लागल्या.

त्वचेच्या रंगाच्या जनुकांची प्रत्यक्ष ओळख एका माशामुळे झाली. 'सोनेरी' नावाच्या फिक्या झेब्राफिशमधील दोष एसएलसी२४ए५ ह्या जनुकात आहे, हे कीथ चेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या डिसेंबरात दाखविले. माणसातील त्याच जनुकात एका जागी ॲलानिनऐवजी थ्रिओनिन आले, की त्वचा उजळ होते. हे रूप युरोपीय लोकांत जवळजवळ सार्वत्रिक आहे आणि आफ्रिकी व युरोपीय वंशजांच्या रंगातील फरकापैकी २५ ते ३८ टक्के फरक त्याच्यामुळे पडत असावा, असा अंदाज त्यांनी केला. पूर्व आशियातील लोकांची त्वचाही उजळ असते. परंतु हे रूप त्यांच्यात विरळा आढळते. त्यांच्या उजळपणास अन्य बदल कारण आहेत आणि त्यांपैकी एक हाल्डेनच्या फिक्या उंदराच्या जनुकाशी समान असलेल्या मानवी जनुकात आहे. सॉलोमन बेटांवरील काळ्या कातडीच्या लोकांत आढळणारे सोनेरी केस युरोपीयांच्या संपर्काने आलेले नाहीत, तर तेथेच उद्भवलेल्या एका स्वतंत्र बदलाने आलेले आहेत, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. स्वीट पीच्या दोन पांढऱ्या वाणांची कथा येथे खंडांच्या विस्तारावर पुन्हा घडलेली दिसते.

भारताच्या संदर्भात २०१३ मधील एक अभ्यास लक्षणीय आहे. एस्टोनियातील संशोधक व हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञ ह्यांनी दाखविले, की दक्षिण आशियातील व युरोपातील लोकांत आढळणारे एसएलसी२४ए५ चे उजळ रूप एकाच मूळ बदलापासून आले आहे. त्याचे प्रमाण वायव्येकडे अधिक व दक्षिणेकडे कमी असले, तरी ते कोणत्याही एका भाषेच्या वा समाजाच्या मालकीचे नाही. म्हणजे येथे फिकट युरोपीय व सावळा भारतीय ह्यांच्यात ह्या एका जागी बीजसाम्य आहे, पण रंगसाम्य नाही. कारण रंग अन्य अनेक जनुकांवर व उन्हावरही अवलंबून असतो. सेरा टिश्कॉफ व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आफ्रिकेतील विविध समाजांचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखविले, की त्वचा उजळ करणारी व गडद करणारी, अशी दोन्ही प्रकारची रूपे आफ्रिकेतच आढळतात व त्यांतील कित्येक अतिशय प्राचीन आहेत. काळा रंग हे आफ्रिकेचे एकसंध लक्षण आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

९. उपसंहार

वरील इतिहासात यश व अपयश ह्यांच्यामधील भेद उपकरणांचा नाही. डॅव्हनपोर्टची भिंगरी क्युएनोच्या पिंजऱ्यापेक्षा कमी शास्त्रीय नव्हती. भेद प्रश्नाचा होता. रंग कसा बनतो व कोठे अडतो, असे ज्यांनी विचारले, त्यांना मारक जनुक, सहलग्नता, एंझाइमांची साखळी, स्थानांतर करणारे घटक व जनुकांचे मौन ह्या गोष्टी गवसल्या. ह्या रंगाचा माणूस कोणत्या जातीचा व कोणत्या योग्यतेचा, असे ज्यांनी विचारले, त्यांना आपला पूर्वग्रहच उत्तर म्हणून परत मिळाला.

आपल्या समाजात गोरेपणाला विवाहाच्या बाजारात अजूनही किंमत आहे आणि रंगावरून कुळाचा, मुलखाचा व स्वभावाचा तर्क करण्याची सवय सुशिक्षितांतही आहे. आफ्रिकेच्या पूर्व भागात वर्णहीन व्यक्तींवर अंधश्रद्धेपायी प्राणघातक हल्ले झालेले आहेत. त्यांच्या हक्कांकडे लक्ष वेधण्यासाठी २०१५ पासून १३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांतर्फे पाळला जातो. ह्या गोष्टी प्रयोगशाळेबाहेरच्या म्हणून बाजूस सारता येत नाहीत. आनुवंशिकीच्या विद्यार्थ्याला ९ : ७ चे प्रमाण पहिल्याच वर्षी शिकविले जाते व तो ते परीक्षेत बिनचूक लिहितो. त्या प्रमाणातील सातांमध्ये तीन निरनिराळ्या कारणांनी पांढरी झालेली फुले आहेत, हे त्याने प्रत्यक्ष संकर करून, निदान कागदावर मांडून, एकदा पाहावे. मग रंगावरून बीजाविषयी केलेले कोणतेही विधान कानी आले, तर त्यामागे कोणती कसोटी आहे, हे विचारण्याची सवय त्याला लागेल.